केळझरच्या तंबूतलं लग्न

लोक वर्ध्याला जातात ते आश्रम पाहायला. तिकडून सूत कातायला आणि अळणी भाजी खायला शिकून येतात, आणि पुढे महिनाभर घरच्यांचा छळ करतात. मीही या माघात वर्ध्याकडे जाऊन आलो, पण आश्रम पाहिला नाही. मी गेलो होतो एका बाईला सिनेमा दाखवायला. तो दाखवून आलो. कसा दाखवला, ते माझ्या दुकानात पायजमा शिवायला टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालं. जे गिऱ्हाईक नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी कोल्हापूरचा शिंपी. सिनेमाच्या स्टुडिओंना आमच्या गावात तोटा नाही, आणि स्टुडिओला शिंप्याशिवाय गती नाही. राजांचे अंगरखे, ऋषींच्या कफन्या, शिपायांच्या बाराबंद्या माझ्या मशीनवरून जातात. कधी गर्दी कमी पडली की दिग्दर्शक ओरडतो, "शिंप्याला उभा करा!" मग मीच शिवलेला अंगरखा घालून मी गर्दीत उभा राहतो. असा मी पुष्कळ चित्रपटांत आहे. मला शोधायला मात्र दृष्टी लागते.

माझी धाकटी बहीण कुसुम माझ्याहून वेडी. लहानपणी आम्ही दोघं एकच खेळ लागोपाठ इतके पाहायचो की पडद्यावरच्या माणसाच्या आधी आम्ही बोलायचो आणि पुढच्या बाकावरचे वळून डोळे वटारायचे. तिचं लग्न झालं ते थेट वर्धा जिल्ह्यात, सेलूला, कापूस-तुरीच्या शेतकरी घरात. घर भरलेलं, नवरा सालस, पण सासूचा दंडक एकच: या घरातली बाई तंबूत जाणार नाही. तंबू म्हणजे फिरता सिनेमा.

गेल्या दिवाळीला कुसुम माहेरी आली. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी विचारलं, "काय घालू ओवाळणी? लुगडं?"

"सिनेमा," ती म्हणाली.

"अगं, आज संध्याकाळीच जाऊ."

"इथला नको, दादा. इथला माहेरचा. मला सासरचा पाहिजे. आणि चोरूनही नको. चोरून पाहिला तर एकदाच पाहता येईल. आत्याबाईंच्या देखत पाहिला, तर जन्मभर पाहता येईल."

सासूला ती तिकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणते. ओवाळणी कबूल केली खरी. पण ताटात ठेवून टाकता येईल अशी ती वस्तू नव्हती.

सेलू

वर्ध्याला उतरलो तेव्हा थंडी अशी की उपरणं तोंडाला गुंडाळून मी दरोडेखोरासारखा दिसत होतो. हा मुलूख मराठी, पण अजून मध्य प्रदेशात मोडतो, त्यामुळे पाट्या हिंदीत, टांगेवाल्याची हुज्जत हिंदीत, आणि भाडं ठरल्यावरचं हसणं तेवढं मराठीत. सेलूच्या रस्त्याला कापसाच्या गाड्याच गाड्या. पांढऱ्या ढिगांवर माणसं पालथी झोपलेली आणि बैल आपल्या अकलेने चाललेले. आमच्याकडे ऊस असा नेतात, पण उसावर झोपून पाहा एकदा!

कुसुमच्या घरी पहिलं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. कोल्हापूरचा माणूस तिखटाचा अभिमान बाळगून असतो. तो मी पहिल्या घासालाच खाली ठेवला. आमचं तिखट जिभेवर भांडण काढतं आणि विसरून जातं. इकडचं गप्प बसतं आणि कानामागून येतं.

आत्याबाई समोर पाटावर बसल्या होत्या. अंगानं किरकोळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की ओसरीवरून बोलल्या तर शेतातला गडी वळून पाहील. त्यांचे यजमान आणि आमचे दाजी कापसाच्या वेचणीवर मळ्यातच मुक्कामाला होते, म्हणून घरात सगळा कारभार त्यांचाच. तसा तो एरवीही त्यांचाच असतो.

"काय करता गा तुमी कोल्हापुरात?" त्यांनी विचारलं.

"शिंपी आहे, मावशी."

"थे माह्यत हाय मले. कोनाचे कपडे शिवता?"

"कधी राजांचे, कधी साधूंचे."

"राजे तं गेले न आता?"

"आमच्याकडे अजून आहेत थोडे."

कुसुम भाकरी थापता थापता चुलीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. हसू चुलीत घालायची तिची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी मी आडून विषय काढला. आत्याबाईंनी तो तिथेच मोडला. "तंबूत गेलेल्या बाईचं मन चुलीपाशी लागत नाई, भाऊ. मी काई पाह्यलं नाई, अन् पाहाचंबी नाई."

मी तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत बसलो. शेंगा सोलताना बरं सुचतं म्हणतात. मला काही सुचलं नाही. पण संध्याकाळी आत्याबाईच म्हणाल्या, "सकाऊन चवथ हाय. आमी केयझरच्या गनपतीच्या जत्रेले जातो. तुमीबी चाला." आणि मी आत गेलो तेव्हा कुसुम हळूच म्हणाली, "दादा, जाम गावचा तंबू उठून केळझरला आलाय. शेजारणीनं सांगितलं."

त्या रात्री मी गणपतीला नवस बोललो. सिद्धिदात्यालाच वशिल्याला लावला.

केळझरच्या वाटेवर

गाडी हाकायला सोमा मडावी. हा याच घरचा जुना गाडीवान. त्याच्या घरी गोंडी बोलतात, आमच्याशी तो वऱ्हाडी बोले आणि बैलांशी गोंडी. मी विचारलं, "बैलांना मराठी येत नाही का, सोमा?"

"येते न. पन मराठीत सांगतलं का त्याइले मोठ्या बाईचा हुकूम वाटते, मंग पयतच सुटते. आपल्या बोलीत सांगतलं का आरामात चालते."

"आयकू येऊन राह्यलं मले, सोमा," मागून आत्याबाई म्हणाल्या.

"तुमाले आयकू याले म्हनूनच मोठ्यानं बोललो, बाई!"

केळझरचा गणपती टेकडीवर, जुन्या किल्ल्याच्या अवशेषांत. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, आणि भीमानं बकासुराला मारलं तेही इथेच, असं तिथे प्रत्येक जण सांगतो. सांगतो तेही काल संध्याकाळी घडल्यासारखं. दर्शन झालं, आणि टेकडीच्या पायथ्याशी झाडाखाली रोडग्यांचा बेत सुरू झाला. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, एकात एक थर घातलेले, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. ते फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर नि वरणाबरोबर खायचे. मी घाईनं चावा घेतला. बाहेरून गार झालेल्या त्या गोळ्याच्या पोटात निखारा जपून ठेवलेला असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून त्या झाडाभोवती नाचलो. आजूबाजूच्या चुलींवरच्या बायकांनी हात थांबवून माझा नाच पाहिला.

"बकासुर असाच मेला असंल," आत्याबाई म्हणाल्या.

जीभ भाजली, पण त्या हसल्या. मी मनात म्हटलं, हीच वेळ. आणि अगदी तेव्हाच खालच्या माळावरून कर्ण्यातून आरती ऐकू आली. तंबूवाल्याची तबकडी होती ती. तंबूच्या दारावर रंगवलेला मोठा फलक: कमळात उभी देवी आणि तिच्या पायाशी हात जोडलेली मुलगी. हा चित्रपट माझा होता! यातल्या राजपुत्राचा अंगरखा मी शिवला होता, आणि लग्नाच्या प्रसंगात वऱ्हाडात मी उभा होतो. नाव इथे मुद्दाम सांगत नाही. तुम्ही पाहायला जाल आणि मी शेवट फोडला म्हणून मला शिव्या द्याल.

"थे काय हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"देवीचं आहे, मावशी."

"देव तं वरती हाय."

"वरचा बसलेला आहे. खालचा चालतो, बोलतो."

त्या जरा वेळ रोडग्यावरची राख झटकत राहिल्या. "बोलते?"

"बोलतो."

"काय बोलते?"

"ते आत गेल्याशिवाय कसं सांगू?"

कुसुमनं भाजीत पळी फिरवायची थांबवली होती. आत्याबाईंनी फलकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "देवीचं असंल तं दर्शन घिऊ. पन आयकून ठेवा दोघंबी. काई वंगाळ दिसलं, का नाचगानं आलं, का मी उठली. मी उठली का हेबी उठन. अन् मंग माह्या घरात तंबूचं नाव काहाडाचं नाई. कधीच."

कुसुमनं मान हलवली. त्या चित्रपटात उत्तरार्धात दरबारी नाच आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी आणखी एक रोडगा घेतला, फुंकर मारून.

तंबू

दिवेलागण झाली आणि डिझेलचं इंजिन भकभकू लागलं. मी मोठ्या रुबाबात बहिणीला नि मावशींना घेऊन दाराशी गेलो. आमच्याकडे बायकांना एका बाजूची बाकं असतात, तसंच असेल अशी माझी समजूत. दारवाल्यानं हात आडवा केला. "बाया मांगून."

"मागून म्हणजे?"

"पडद्याच्या मांगून. समोर माणसं, मांगं बाया."

ही रीत मी आयुष्यात पाहिली नव्हती. तंबूच्या मधोमध पडदा टांगलेला. एका अंगाला यंत्र आणि पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस पिचकारीच्या पंपानं पडदा ओलाचिंब करतो, म्हणजे प्रकाश पलीकडे झिरपतो आणि तेच चित्र मागच्यांनाही दिसतं. एका खेळात दोन तंबूंची माणसं मावतात आणि बायकांना आडोसाही होतो. मालकाची अक्कल पाहून मी खूश झालो. तेच चित्र मागून उलटं दिसणार, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. शिंप्याच्या डोक्यात न यावं! कापडाची सुलटी-उलटी बाजू पाहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या!

कुसुम मागच्या दारानं जाताना एकदा वळून माझ्याकडे पाहून हसली. ते हसू लग्नाआधीचं होतं. मी सोमाच्या घोंगडीवर पुढेच जागा धरली.

खेळ सुरू झाला. नावं सरकली. गरीब घरची देवीभक्त मुलगी आली, तिच्या सख्या आल्या, नदीवर पाणी भरणं झालं. आणि पडद्यापलीकडून कुजबुज येऊ लागली.

"काय वं, ह्या बाया गुजरातनी हायत का? पदर पाह्य ना त्याइचा. उजव्या खांद्यावर."

"सगळ्याइचाच तसा हाय."

"मंग त्याच मुलखाच्या असतील."

आता मला कळलं, पलीकडून काय दिसतं आहे ते. पडद्यावर ऋषी आले. मीच शिवलेली कफनी. मुलगी पाया पडली, ऋषींनी हात उचलून आशीर्वाद दिला.

"डावा हात!" हा आवाज ओळखायला मला सोमाची गरज नव्हती.

"म्हतारा हाय, उजवा दुखत असंल," कोणी तरी समजूत घातली.

राजपुत्र जेवायला बसला. "डाव्या हातानं जेवते! याची माय नाई का घरी?"

यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपलं की थांबायचं, दुसरं चढवायचं. त्या मधल्या वेळात मी पडद्याच्या कडेला जाऊन "कुसुम, कुसुम" अशी हाक मारली. पलीकडून तीच हळू आवाजात म्हणाली, "दादा, अक्षरं उलटी सरकली तेव्हाच ओळखलं मी. पण सांगू कशी? ‘तुले कसं ठाऊक?’ म्हणतील."

"नाच आहे पुढं," मी कबूल केलं.

"आधी लग्न पार पडू दे," ती म्हणाली.

आणि लग्न लागलं. मंडप, होम, सनया. माझा प्रसंग! मी डाव्या कोपऱ्यात फेटा बांधून उभा असतो. मी सोमाचा दंड धरला, "तो बघ, आता बघ." वधूवर होमाभोवती फिरू लागले, अगदी शास्त्राप्रमाणे. समोरून पाहणाऱ्यांना!

"उलटे फेरे!" पलीकडून आवाज कडाडला. "अवं माय, हे लगन हाय का मयत?"

आणि पडद्याची खालची कड वर उचलली गेली. माझ्या कोपऱ्यातून, जिथे मी फेट्यासकट दिसणार होतो त्याच कोपऱ्यातून, आत्याबाईंचं डोकं बाहेर आलं. त्यांनी मान वर करून पाहिलं. वधूवर उजवीकडून चालले होते. त्यांचं डोकं आत गेलं. क्षणभरानं पुन्हा बाहेर आलं. पाहिलं. पुन्हा आत गेलं. तंबू हसायला लागला. तिसऱ्या वेळी त्या अख्ख्याच बाहेर आल्या आणि प्रकाशाच्या झोतात उभ्या राहिल्या. होमापेक्षा मोठी त्यांची सावली वधूवरांच्या अंगावर पडली.

"बंद करा हे!" त्या म्हणाल्या.

यंत्र थांबलं, बत्ती आली. तंबूचा मालक धावत आला. सगळे त्याला सेठ म्हणत. तो नागपूरचा, बोलणं निम्मं हिंदी. "माताजी, क्या हुआ? काय झालं?"

"हे लगन कोन्या हातानं लागते?"

"उजव्या, माताजी."

"इकडून उजव्या. तिकडून डाव्या. माणसाइले सुलटं लगन अन् बायाइले उलटं?"

"माताजी, मैं सब जगा ऐसाच बसवतो. मर्दलोग सामने, जनाना पीछे. जनान्याले आडोसा पायजे न?"

"आडोसा पायजे, उलटं नाई पायजे!"

पुरुषांतून कोणी ओरडला, "बाई, जा ना मांगं! लगन आमी पाहून घेतो."

"तुह्या घरचं हाय का रे लगन?"

यावर पुन्हा हशा. पण आत्याबाई हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा मी दोन दिवसांत जितका वाचला होता तेवढ्यावरून मला कळलं, आता संपलं. त्यांनी पदर खोचला आणि पडद्याकडे वळून हाक दिली, "कुसुम! चाल, निंगू."

मी माझी पायताणं शोधायला लागलो.

पडद्याखालून कुसुम बाहेर आली. डोक्यावर पदर, नजर खाली. अख्खा तंबू तिच्याकडे पाहत होता. ती सासूजवळ गेली आणि इतक्या शांतपणे बोलली की मागच्यांनी एकमेकांना गप्प केलं.

"जाऊ, आत्याबाई. पन तुमीच सांगता न, अक्षता पडल्याबिगर मांडवातून उठू नाई म्हनून? त्या पोरीचे फेरे अर्धे झाले हायत. थेबी उलटे. आपन आता उठलो तं आपल्यापुरतं तिचं लगन तसंच राहीन."

आत्याबाई थांबल्या. कुंकवाच्या खाली कपाळाला आठी पडली. लग्नात अर्ध्यावर उठलेली बाई ही त्यांच्या हिशेबी तंबूत बसलेल्या बाईहून वाईट होती, हे मला त्या आठीवरून दिसलं. कुसुमनं त्यांच्यापुढे एक धर्म दुसऱ्या धर्मासमोर उभा केला होता, आणि स्वतः पदर धरून बाजूला झाली होती.

"मंग?" आत्याबाई म्हणाल्या.

"मंग समोरून पाहू," कुसुम म्हणाली.

आत्याबाईंनी सेठकडे बोट केलं. "आयकलं का? लगन पयल्यापासून लावा. अन् आमी इथी बसतो."

पुरुषांनी गिल्ला केला. सेठनं कपाळाला हात लावला. मग मी सोमाच्या घोंगडीवर उभा राहिलो, स्टुडिओत सेनापती उभा राहतो तसा, एक हात कमरेवर ठेवून. "मंडळी! लग्न मुलीचं आहे. मुलीकडची मंडळी मांडवाच्या मागच्या अंगाला बसलेली कुणी पाहिली आहेत का? आज पुढची जागा त्यांची. मी वरपक्षाचा माणूस. हा मी चाललो मागं!" आणि मी पडद्याखालून वाकून पलीकडे गेलो. वाकताना तंबूच्या दोरीत पाय अडकला आणि सेनापती तोंडावर पडला, पण पडला तो पलीकडच्या बाजूला.

मागे एकटाच बसलो तर हसं होणार होतं. तेवढ्यात घोंगडी खांद्यावर टाकून सोमा आला. आजूबाजूला पाहून तो पडद्याखालून ओरडला, "या गा! मांगं गंज जागा हाय. पाय लांब करून बसा!" मग एक आला, मग चार आले, मग कुरकुरत, हसत, विड्या सांभाळत सगळेच आले. आणि पलीकडे बांगड्यांचा असा किणकिणाट झाला की इंजिनाचा आवाज बुडाला. बायका पुढे बसत होत्या.

पडद्याच्या पलीकडे

सेठनं पडद्यावर पुन्हा पाणी मारलं, रीळ मागे गुंडाळलं आणि लग्न पहिल्यापासून लावलं. या वेळी आम्हाला ते उलटं दिसत होतं. एक जण म्हणाला, "आता राजा आपल्याले डाव्या हातानं जेवून दाखोवन." दुसरा म्हणाला, "जेवू दे न. पोट तं एकच हाय."

फेरे झाले. मंगलाष्टकं सुरू झाली. आणि पलीकडे सगळ्या बायका उभ्या राहिल्या. आम्हाला त्या दिसत नव्हत्या, कापडाची सळसळ तेवढी ऐकू आली. सकाळी देवळातून आणलेल्या अक्षता पदराच्या गाठीला होत्याच. "सावधान" म्हणताच त्या पडद्यावर येऊन पडल्या. ओल्या कापडाला तांदूळ चिकटले, आणि प्रकाशात त्यांचे बारीक काळे ठिपके नवरीच्या तोंडावर, मुंडावळ्यांवर, होमाच्या ज्वाळांवर उमटले. माझ्या जन्मात मी पडद्यावरची पुष्कळ लग्नं पाहिली आहेत, काही शिवलीही आहेत. अक्षता पोचलेलं लग्न हे एकच.

"आत्याबाई! तो बघा दादा!" कुसुमचा आवाज. मोकळा, मोठा, सगळ्या तंबूला ऐकू जाईल असा. "कोपऱ्यात, फेटेवाला!"

माझी छाती फुगली. सोमानं माझ्याकडे आदरानं पाहिलं.

"नुसता उभा हाय मेला," आत्याबाई म्हणाल्या. "सगळे अक्षता टाकून राह्यले, अन् हा पाह्यते इकडंतिकडं!"

खरं आहे. दिग्दर्शकानंही त्या दिवशी हेच म्हटलं होतं.

पुढे कपटी प्रधान आला, त्याला पलीकडून यथेच्छ शिव्या मिळाल्या. आणि मग दरबार उघडला. नाच. मी पडद्याच्या उलट्या बाजूला डोळे मिटून बसलो. पैंजणं वाजली. आत्ता उठतील. आत्ता "कुसुम, चाल" ऐकू येईल.

"पाय बेस टाकून राह्यली वं," आत्याबाईंचा आवाज आला. "पन घुंगरू सैल बांधले तिनं."

"काऊन?" कोणी तरी विचारलं.

"आयकू नाई येत का? उजव्या पायाचे मांगून वाजते."

मी डोळे उघडले आणि नाच शेवटपर्यंत पाहिला. माझ्या बाजूनं तो डाव्या पायाचा होता.

परत सेलूला

मुक्काम केळझरलाच एका नातलगाकडे होता. सकाळी विहिरीवर बायकांनी आत्याबाईंना घेरलं. काल तंबूत जागा न मिळालेल्याही त्यांत होत्या, त्यांना प्रधानाचं पुढे काय झालं ते हवं होतं. आत्याबाईंनी सांगायला सुरुवात केली, दोन ठिकाणी अडखळल्या, आणि म्हणाल्या, "आमच्या सुनेले इचारा. तिले सारं समजते. तिच्या भावानं त्या राजाचे कपडे शिवले हायत."

कुसुम घागर खाली ठेवून सांगायला लागली. प्रधानाचा आवाज काढून, राणीचा रडवेला स्वर काढून, मधेच थांबून. विहिरीवरचा रहाट थांबला. आत्याबाई बाजूच्या दगडावर बसून, हनुवटीला हात लावून, एकदा पाहिलेलं ऐकत होत्या. लग्न झाल्यापासून कुसुमनं चुलीत घातलेलं सगळं हसू त्या सकाळी विहिरीवर बाहेर आलं.

परतताना गाडीत आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "त्या राजाची बाही आखूड झाली होती, भाऊ. हात उचलला का मनगट उघडं पडे."

"मापाला चूक झाली, मावशी."

"पुढच्या खेपेले पाह्यजो."

जत्रा संपल्यावर सेठनं तंबू सेलूला आणला. दवंडी पिटणारा बाजारात ओरडत गेला: जनाना सामने, मर्द पीछे! सेठ मला भेटला तेव्हा म्हणाला, बायका आता लेकीसुना, शेजारणी, पाहुण्या सगळ्यांना घेऊन येतात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे पुरुष निमूट मागे येऊन बसतात. दाजी मळ्यातून घरी आले तेव्हा घरात कोणी नव्हतं. त्यांना तंबूत, पडद्यामागे, माझ्या शेजारी जागा मिळाली. पडद्याकडे पाहत त्यांनी एवढंच विचारलं, "हा राजा डावखुरा हाय का, दत्तूभाऊ?"

निघायच्या दिवशी सोमानं गाडी जुंपली. कुसुमनं वाटेसाठी रोडगे बांधून दिले. आत्याबाई दारापर्यंत आल्या. मी पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला, उजव्या हातानं, जरा जास्तच उंच करून.

"येजो, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन सांजच्याले येऊ नोको. सांजच्याले घरी कोनी नसते."